कीर्तनातील नाच आणि नरदेहाचे सार्थक

विषय घेतला आहे नाचाचा. नाच हा शब्द ऐकून कोणी दचकू नये. आपल्या संप्रदायात ज्ञान कानांतून येते, नाम मुखातून येते, आणि ते अंगी मुरले की नाही याची साक्ष पाय देतात. टाळकरी पावली टाकतो, मृदंगाची थाप पडताच दिंडी उसळते, वाटेवर दोघे वारकरी हातात हात गुंफून फुगडीचा फेर धरतात. हे सगळे आपण करतो. परंतु का करतो, आणि त्याने या साडेतीन हात देहाचे काय होते, याचा विचार क्वचितच होतो. तो आज थोडा करू.

गावोगाव कीर्तनाच्या निमित्ताने हिंडताना दोन शंका पुन्हा पुन्हा कानी येतात. एक असते शहाण्याची. तो म्हणतो, "बुवा, नाम तर मनात घ्यायचं. देव अंतर्यामी आहे. मग या उड्या कशाला?" दुसरी शंका चारचौघांत कोणी विचारत नाही. कीर्तन आटोपल्यावर, बुक्का लावून घेताना, खालच्या आवाजात कोणी म्हणते, "महाराज, मनात फार येतं हो टाळ घेऊन उभं राहावं, पण लाज वाटते. अंग सुटलंय," किंवा "रंग असा, उंची अशी, लोक हसतील," किंवा "गुडघे गेले, आता या हाडांचा काय नाच!" पहिली शंका शास्त्राची आहे, दुसरी जिवाची. शास्त्राच्या शंकेला उत्तर लवकर मिळते. जिवाच्या शंकेपाशी थोडे बसावे लागते.

आधी शास्त्र पाहू. पाठशाळेत धातुपाठ घोकताना नृत् धातूचा अर्थ आम्हाला 'गात्रविक्षेप' असा शिकवला. गात्रे म्हणजे अवयव, विक्षेप म्हणजे टाकणे. वैयाकरणांनी एवढेच सांगितले की नाचणारा आपले अवयव टाकतो. ते कोठे टाकावे हे त्यांनी सांगितले नाही, ते काम संतांनी केले. संत म्हणाले, अरे, टाकायचेच आहेत ना? मग विठ्ठलाच्या पायी टाक!

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात कथा आहे. सर्व वर्णांना ऐकता-पाहता येईल असा पाचवा वेद ब्रह्मदेवाने निर्माण केला. ऋग्वेदातून शब्द घेतला, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस. चौथ्या अध्यायात मुनींनी हातपायांच्या मेळाची १०८ करणे वर्णिली, आणि चिदंबरमच्या गोपुरांवर ती पाषाणात कोरलेली आहेत. शास्त्रकार पुढे भेद करतात. नुसत्या ताललयीवर अंग हलते ते नृत्त, भाव प्रकट करते ते नृत्य. नृत्त पाहून डोळा सुखावतो, नृत्य पाहून कथा कळते. उत्तरेत ज्या नृत्यप्रकाराला कथक म्हणतात, त्याच्या नावातच कथा आहे. अभिनयाचेही चार प्रकार सांगितले: अंगाचा तो आंगिक, वाणीचा तो वाचिक, वेशभूषेचा तो आहार्य, आणि अंतःकरणाचा तो सात्त्विक. पहिले तीन शिकता येतात. चौथा उमटावा लागतो. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव तर वारकऱ्याच्या नित्य परिचयाचे आहेत. आता गंमत पाहा. हे आठही भाव प्रकट कोठे होतात? घाम मनाला येत नाही. काटा बुद्धीवर उभा राहत नाही. देहावाचून भक्तीलासुद्धा दिसायला जागा नाही!

म्हणून ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली नेवाशास गीतेवर भाष्य केले, तेव्हा नवव्या अध्यायात निरंतर कीर्तन करणाऱ्या महात्म्यांचे वर्णन करताना त्यांच्या नाचाचाही उल्लेख केला. तेथे महाराजांचा भाव असा की या नाचापुढे प्रायश्चित्तांचा धंदाच बसला, कारण धुवायला पापच उरले नाही. शहाण्याच्या शंकेला एवढे उत्तर पुरे. नाम मनात असावेच, परंतु ते मनात मावेनासे झाले की पायांत उतरते. दूध उतू जाताना पातेल्याला विचारत नाही.

आता नाच कथा कशी सांगतो ते पाहू. नारदीय कीर्तनात उत्तररंगाला आख्यान असते, तेथे बुवा एकटेच द्रौपदी होतात, दुर्योधन होतात, चिपळ्यांच्या तालावर पदन्यास करतात. आपल्या वारकरी कीर्तनात आख्यानाचा पसारा कमी, एका अभंगाचे चिंतन अधिक. तरीही कथा अंगावाचून पुढे सरकत नाही. कीर्तनकाराच्या खांद्यावर एक उपरणे असते. यशोदेची कथा आली की त्याचे दावे होते, द्रौपदीची आली की न संपणारे वस्त्र होते, सुदाम्याची आली की पोह्यांची पुरचुंडी होते. उपरणे तेच, पाच हात कापड! ते धरणाऱ्या हाताने वाकून, थांबून, थरथरून त्याला कथा दिली. मागे दोन रांगांत उभे असलेले टाळकरीही कथाच सांगत असतात. एक पाऊल पुढे, एक मागे, अंगाला किंचित झोका, गुडघ्यात वाकून खाली टाळ, मग छातीशी टाळ. वृद्ध श्रोत्याला अभंगाचे शब्द ऐकू आले नाहीत तरी त्या पावलीवरून कळते की आता देव जवळ आला.

काल्याच्या कीर्तनात तर सगळे गोकुळच अंगात येते. दशम स्कंधातला कान्हा गोपाळांबरोबर नाना खेळ खेळला, कालियाच्या फणांवर नाचला, शरदाच्या रात्री रासाला उभा राहिला. काल्याच्या दिवशी पांढऱ्या मिशांचे आजोबा एका क्षणात पेंद्या होतात आणि दह्यासाठी हात पसरतात. एकनाथ महाराजांनी भारुडे लिहिली ती याच जाणिवेने. संस्कृत भागवतावर प्रचंड टीका लिहिणारा हा पंडित वासुदेवाची मोरपिसांची टोपी घेतो, जोगवा मागतो, गोंधळ घालतो, विंचू चावल्याने तळमळणारा होतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. नाथांनी आंधळ्याचे, पांगळ्याचे, बहिऱ्याचे, मुक्याचेही रूपक केले. ज्या देहाकडे पाहून लोक मान फिरवतात, त्याच्याच तोंडून परमार्थ वदवला. भारुडकर लंगडत फडात येतो तेव्हा लोक आधी हसतात, आणि अर्थ लागला की चाचपून पाहतात, पांगळा कोण, तो की आपण?

येथे जिवाच्या शंकेची वाट लागते. कोणी म्हणेल, "बुवा, तुम्ही देहाचे गुण गाता, आणि संतांनी तर देहाची निंदा केली. मलमूत्राची खाण, क्षणभंगूर, काळाचे खाजे, असे कितीतरी म्हटले." खरे आहे, म्हटले. परंतु त्याच संतांनी नरदेह दुर्लभ आहे, देवही तो मागतात, असेही म्हटले. मग हे परस्परविरुद्ध झाले का? याचा निवाडा नाथांनी १५७३ साली काशीक्षेत्री पूर्ण केलेल्या भागवतटीकेत केला आहे. त्यांचे म्हणणे असे: देह वाईट म्हणून टाकून द्यावा, तर मोक्षसुखाला मुकावे लागते. चांगला म्हणून भोगत बसावे, तर अधोगती ठेवलेलीच. म्हणून टाकूही नये आणि भोगूही नये, भगवंताच्या कामी लावावा. बैलाला मारून टाकणारा शेतकरी आणि बैलाची पूजाच करत बसणारा शेतकरी, दोघांचेही शेत पडीक राहते. औताला जुंपतो, सांजेला वैरण घालतो, पाठीवरून हात फिरवतो, त्याचेच पीक येते. तोच शेतकरी पोळ्याला त्या बैलाच्या शिंगांना रंग लावतो. देहाचे कौतुक करायचे ते असे, कामावर असलेल्या बैलाचे करतात तसे.

देहबुद्धी वाईट, हे आपण सारखे ऐकतो. देहबुद्धी म्हणजे काय? 'हा देह म्हणजेच मी' अशी समजूत. आता जो आरशापुढे उभा राहून आपल्या रूपावर खूश होतो, त्याला आपण देहबुद्धीचा म्हणतो. मान्य. पण जी त्याच आरशापुढे उभी राहून स्वतःचा तिरस्कार करते, तिचे काय? हल्ली हातातल्या मोबाईलवर दिवसभर परक्यांची सजवलेली छायाचित्रे पाहून कोवळी पोरे-पोरी स्वतःला टाकाऊ समजू लागली आहेत. जेवण टाकतात, चारचौघांत येत नाहीत. त्यांना वाटते, आपल्याला देहाचा अभिमान नाही, उलट किळस आहे. मी त्यांना हात जोडून सांगतो, बाळांनो, ही किळसही देहबुद्धीच आहे! अभिमानी आणि लाजणारा एकाच आरशाचे दोन गिऱ्हाईक. दोघांनाही क्षणभर देहाचा विसर पडत नाही.

कीर्तनातला नाच हा आरसा काढून घेतो. पावली टाकताना तुम्ही कसे दिसता हे पाहायला सवड नसते, कारण टाळ चुकेल. शेजाऱ्याच्या पावलाला पाऊल लागायला हवे, मृदंगाच्या समेवर यायला हवे, ध्रुपद उचलायला हवे. देह जागाच असतो, पूर्वीपेक्षा जास्त जागा असतो. फक्त त्याच्याकडे बघत बसणारा बाजूला होतो. संप्रदायात सांगतात की नामदेवरायांच्या कीर्तनात प्रत्यक्ष पांडुरंग नाचू लागला आणि इतका रंगला की कटीचा पीतांबर गळाल्याचे त्याला भान राहिले नाही, भक्ताने सावध करावे लागले. ज्याच्या सौंदर्याची वर्णने करताना संतांची वाणी थकली, तो देव स्वतः कसा दिसतो हे विसरला. मग आपण कशाची लाज धरून बसलो आहोत?

फुगडीचेच उदाहरण घ्या. दोघे समोरासमोर उभे राहतात, पावले जुळवतात, हातांची अढी घालतात आणि दोघेही मागे रेलतात. मग पाय झपझप पडू लागतात आणि फेर धरला जातो. हा खेळ चालतो कशावर? वजनावर! पुढे वाकून, अंग चोरून कोणाला फुगडी घालता यायची नाही. प्रत्येकाने आपला भार मोकळेपणाने मागे सोडला पाहिजे आणि समोरच्याच्या हातावर विश्वास टाकला पाहिजे. जड माणूस मध्याजवळ लहान फेर घेतो, हलका माणूस बाहेरून मोठा फेर घेतो, आणि तोल आपोआप सापडतो.

एका वर्षी पालखीच्या दुपारच्या विसाव्याला बायकांच्या फुगड्या रंगल्या होत्या. एक चाळिशीची बाई झाडाला टेकून दूरच उभी होती, अंगाने थोराड. मराठवाड्याकडची एक काटकुळी म्हातारी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केले.

ती म्हणाली, "नको मावशी, माझं वजन तुम्हाला पेलायचं नाही."

म्हातारी म्हणाली, "पेलायचं कशाला, माउली? तू मागं रेल, मी मागं रेलते. फुगडीला वजनच लागतंय. दोन काटक्यांची फुगडी कधी बघितलीस का?"

दोघींनी फेर धरला. म्हातारी पाखरासारखी बाहेरून फिरत होती आणि ही मधे खांबासारखी. फुगडी सुटली तेव्हा ती बाई हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. म्हणाली, "या अंगावरून घरात उठता-बसता ऐकून घेते. आज पहिल्यांदा ते कुणाच्या उपयोगी पडलं." महाराज, देहाविषयी आदर कसा उपजतो याचे याहून चांगले निरूपण मला कोठल्या ग्रंथात सापडले नाही. स्तुतीने तो उपजत नाही. अंग कोणाच्या तरी आनंदाला कारण झाले की उपजतो.

रिंगणातही हेच. माउलींच्या सोहळ्यात चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते, सदाशिवनगरजवळ पुरंदावडे येथे पहिले गोल रिंगण होते. पताकावाले धावतात, डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या माता धावतात, विणेकरी धावतात, आणि मग अश्व दौडतात. ज्या मातेला घरी जिना चढताना धाप लागते, ती येथे तुळस सावरीत फेरा पुरा करते, आणि अश्वाच्या टापांखालची माती कपाळी लावते. आळंदीहून पंढरीला सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आलेले ते पाय असतात, फोड आलेले, भेगाळलेले. पण रात्री त्याच पायांना तेल चोळताना वारकरी त्यांच्याकडे कौतुकाने पाहतो. "आणलंत बाबा इथवर!" असे पायांशी बोलणारे म्हातारे मी पाहिले आहेत. कृतज्ञतेची ही भाषा ज्याला आली त्याला देहनिंदा आणि देहस्तुती यांच्या पलीकडची जागा सापडली.

कोणी म्हणेल, ज्यांना धड हातपाय आहेत त्यांचे हे ठीक. ज्यांना नाहीत त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी संतचरित्रे उघडावीत. तेरचे गोरोबाकाका. शपथ मोडली म्हणून स्वतःचेच हात तोडून बसलेले. नामदेवरायांच्या कीर्तनात सर्वांनी हात वर करून टाळी वाजवली, तेव्हा काकांनीही हात नसलेले बाहू वर केले, आणि चरित्रकार सांगतात की तेथेच त्यांना हात फुटले. चमत्कार कोणी मानो न मानो, माझे लक्ष त्याच्या आधीच्या क्षणाकडे जाते. हात नव्हते तेव्हाच ते वर झाले होते! पैठणचे कूर्मदास तर जन्मतः हातपाय नसलेले. पोटाने सरपटत पंढरीकडे निघाले, लऊळपर्यंत आले, पुढे शक्ती राहिली नाही, तेव्हा देवच तेथे भेटीस गेला. त्यांची समाधी लऊळला आहे. त्यांचे ते सरपटणे मी नाचच समजतो. प्रत्येक हालचाल एकच कथा सांगत होती, 'मला विठ्ठलाकडे जायचे आहे.'

आणि ज्यांच्या देहाला व्यंग नव्हते, पण जगाने ज्याला डाग लावला, त्यांचे काय? मंगळवेढ्याच्या मातीने अशी दोन माणसे दिली. एक चोखोबा. त्यांचा स्पर्श नको म्हणून त्यांना महाद्वाराबाहेर उभे केले. त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी शांतपणे विचारले की देहाला विटाळ म्हणता, पण विटाळावाचून जन्माला आलेला देह कोठला? या प्रश्नाला उत्तर देणे कोणा शास्त्र्याला साधले नाही, आणि राउळाची दारे सर्वांना उघडायला १९४७ साल उजाडले, साने गुरुजींना त्यासाठी उपोषणास बसावे लागले. दुसरी कान्होपात्रा, गणिकेची लेक. गाणे-नाचणे तिला घरच्या धंद्यासाठी शिकवले. तिच्या रूपाची किंमत ठरवणारे पुष्कळ आले. ती वारकऱ्यांबरोबर पंढरीस गेली आणि तीच कला विठ्ठलापुढे मांडली. बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने देवाच्या पायी देह ठेवला. मंदिरात आजही तिच्या स्मृतीचे झाड दाखवतात. एकीने विटाळाचा शिक्का पुसला, दुसरीने किमतीची चिठ्ठी फाडली. दोघींचे म्हणणे एकच, हा देह कोणाचा ते तुम्ही ठरवू नका.

आता चार गोष्टी आचरणाच्या सांगतो. पहिली, कीर्तनात नाचताना आधी ऐका. ताल कानातून पायात जाऊ द्या, म्हणजे पाय उगाच धावत नाहीत. दुसरी, शक्तीप्रमाणे नाचा. हृदयाचे, गुडघ्यांचे दुखणे असेल त्याने बसून टाळी वाजवावी, मान डोलवावी. देव उंची मोजत नाही, उडीचीही नाही आणि माणसाचीही नाही. तिसरी, कोणाच्या अंगावर हसू नका. फडात जो दुसऱ्याच्या देहाला हसतो त्याने दहा वाऱ्या केल्या तरी तो वेशीबाहेरच राहिला. चौथी, मोबाईल खिशात ठेवा. फुगडी घालताना चित्र कसे येईल याची काळजी शिरली की तोच आरसा मागल्या दाराने परत आला.

शेवटी त्या सावळ्याकडे पाहू. नाट्यशास्त्रात उभे राहण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत समपाद म्हणून एक आहे, दोन्ही पाय सरळ आणि सारखे. आपला देव तसाच उभा आहे, समचरण, विटेवर, कर कटीवर. हलत नाही, डुलत नाही. का बरे? लाखो पाय त्याच्यासाठी नाचताहेत, त्यांच्या नाचाला एक स्थिर सम नको का? आपण कितीही चुकलो, अडखळलो, तरी परत येण्याची जागा तो धरून उभा आहे. तो काळा आहे, ठेंगणा आहे, आणि त्याच्याइतके सुंदर आम्हाला कोणी दिसत नाही. अशा देवाच्या लेकरांनी आपल्या रंगाची, बांध्याची, पिकल्या केसांची लाज धरावी, हे त्याला कसे रुचेल?

तेव्हा मायबाप हो, येत्या एकादशीला टाळ घ्या. नसेल तर टाळी आहेच. जो देह भगवंताने दिला, जसा दिला, तसा घेऊन उभे राहा आणि त्याला त्याच्या धन्याची कथा सांगू द्या.

पुंडलीक वरदा हरी विठ्ठल!